तुम्ही विचारलंत म्हणून: चांगलं बोलायला शिकायचं कसं?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, नवीन कामाला लागलेली मुलं विचारतात, कधी ओळखीतले लोक विचारतात की अहो तुम्ही दिवसभर माणसांशीच बोलता, आम्हाला मनातलं नीट मांडताच येत नाही, काय करायचं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या कामात हाताइतकंच तोंड चालतं, कारण व्यायाम मी सांगते पण करायचा असतो पेशंटने, घरी, मी समोर नसताना. म्हणजे माझं सांगणं चुकलं तर सगळंच चुकलं.

माझं सांगणं कसं चुकलं ते आधी सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक बाई यायच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना व्यायाम दाखवले, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं, मग टाच हळूहळू मागे ओढत गुडघा वाकवायचा, आणि शेवटी म्हटलं, "दुखलं की थांबा हं. समजलं ना?" त्या हो म्हणाल्या. तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा गुडघा आधीपेक्षा जास्त आखडलेला. व्यायाम केलेच नाहीत का, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं, तर त्या म्हणाल्या रोज करायला घेत होते, पण थोडं वाकवलं की दुखायचं, तुम्हीच म्हणाला होतात दुखलं की थांबा.

त्यांनी अगदी मी सांगितलं तस्संच केलं होतं. माझ्या डोक्यात "दुखणं" म्हणजे टोचल्यासारखी, अचानक येणारी कळ. ताण बसतो, ओढल्यासारखं होतं, ते माझ्या हिशोबात दुखणं नव्हतंच, ते तर यायलाच हवं होतं. त्यांच्या हिशोबात दोन्ही दुखणंच. शब्द एकच आणि अर्थ दोन, आणि मध्ये माझं ते "समजलं ना?". त्या तीन आठवड्यांचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून कोणी बोलायला कसं शिकू असं विचारलं की मी आधी हेच सांगते की आपण काय बोललो यापेक्षा समोर काय पोचलं ते बघायला शिका. आणि "समजलं ना?" हा प्रश्न सोडून द्या, खरंच सोडून द्या. त्याला माणसं हो म्हणतात कारण नाही म्हणायला संकोच वाटतो, किंवा (हे जास्त वेळा होतं) त्यांना खरंच समजलंय असं वाटत असतं. त्या बाईंना वाटलंच होतं की.

हे आपल्याला आतून कळत का नाही याचं मला पटलेलं एक उदाहरण आहे. 1990 मध्ये एलिझाबेथ न्यूटन नावाच्या संशोधक विद्यार्थिनीने स्टॅनफर्डला एक प्रयोग केला. एकाने मनात ओळखीचं गाणं धरायचं आणि बोटाने टेबलावर त्याचा नुसता ठेका वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी गाणी ओळखली जातील. 120 गाण्यांपैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खी चाल चालू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक. आणि ती चाल डोक्यातून बंद करता येत नाही हीच अडचण आहे, एखादी गोष्ट जितकी आपल्या अंगवळणी पडलेली तितकं ती न येणाऱ्याला काय ऐकू येतंय हे कळणं अवघड होतं. डॉक्टर, शिक्षक, ऑफिसातले सीनियर, आईवडील, सगळ्यांचं हेच होतं.

शब्दांना फक्त सात टक्केच महत्त्व, बाकी सगळं आवाज आणि बॉडी लँग्वेज, असं तुम्हीही ऐकलं असेल. ते आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांमधून आलेत, पण ते प्रयोग होते सुटा शब्द एका भावनेचा आणि आवाज किंवा चेहरा दुसऱ्याच भावनेचा असं आलं तर माणूस कशावर विश्वास ठेवतो याबद्दलचे. सगळ्या बोलण्याला ते लागू नाहीत, हे स्वतः मेहराबियन यांनीही सांगितलंय. मला हा गैरसमज फार खटकतो कारण त्यामुळे लोक उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे यातच अडकतात आणि शब्द निवडायचं राहून जातं.

शब्दाने काय होऊ शकतं बघायचं तर स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावरचा अपघात. 27 मार्च 1977, धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो जेट. एका विमानातून रेडिओवर सांगितलं गेलं की आम्ही आता टेकऑफला आहोत. टॉवरला वाटलं जागेवर थांबलेत, प्रत्यक्षात विमान धावायला लागलं होतं. टॉवरने आधी "ओके" म्हटलं आणि मग थांबा म्हणून सांगितलं, पण नेमकं त्याच वेळी दुसरं विमानही रेडिओवर बोललं आणि ते "थांबा" दोन्ही मिसळून झालेल्या कर्कश आवाजात हरवलं. विमानं एकमेकांवर आदळली, 583 माणसं गेली. कारणं बरीच होती, पण त्यानंतर बोलण्याचे नियम कडक झाले, टेकऑफ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, आणि सूचना मिळाली की नुसतं ओके न म्हणता ती परत बोलून दाखवायची.

परत बोलून दाखवणं. मला वाटतं घरातही हे चालतं, फक्त परीक्षा घेतल्यासारखं वाटू द्यायचं नाही. "सांग बरं मी काय म्हणाले" असं विचारलंत तर समोरचा चिडणारच. मी म्हणते, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, घरी गेल्यावर काय कराल ते दाखवा." म्हणजे ओझं माझ्याकडे राहतं.

आणि ऐकण्याचं म्हणाल तर, दहा भाषांमधली संभाषणं तपासून असं दिसलंय की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. तोंडातून एक शब्द काढायची तयारी करायलाही मेंदूला याहून जास्त वेळ लागतो, म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार व्हायला लागलेलं असतं. यात वाईट काही नाही, गप्पा अशाच रंगतात. पण भांडण असेल, कोणी दुःख सांगत असेल, तर शेवटचं वाक्य ऐकायचं राहतं आणि बऱ्याचदा खरं तेच असतं. अशा वेळी मी मुद्दाम एक श्वास जाऊ देते, मग उत्तर. आणि विचारते, काही सुचवू की नुसतं ऐकू? माझ्या मुलीने या प्रश्नाला "नुसतं ऐक" म्हटलं आणि मग जे सांगितलं ते मी सल्ला द्यायला लागले असते तर मला कधीच कळलं नसतं.

परवा एक आजोबा होते, त्यांनाही म्हटलं करून दाखवा. अगदी बरोबर केलं, टॉवेल, दाबणं, पाच मोजणं, सगळं. फक्त बऱ्या पायाने. मी म्हटलं आता दुसऱ्या पायाने, तर म्हणाले, "त्याने करायचं होतं का? त्या पायाला आराम द्या असं मला डॉक्टरांनी सांगितलंय ना." मी पुढच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं आणि खुर्ची ओढून परत त्यांच्यासमोर बसले.