रिकाम्या गाभाऱ्यासमोर

शुक्रवारी दुपारी जेरुसलेमच्या महाने येहुदा बाजारात झुंबड उडाली होती. जो तो वेणीसारखे विणलेले पाव घेऊन घराकडे निघालेला. हे पाव जोडीनेच लागतात: मिसरमधून (इजिप्तमधून) सुटून रानोमाळ भटकणाऱ्या ज्यू पूर्वजांना शुक्रवारी दुप्पट मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, मिळे, त्याची ही आठवण. मग भोंगा वाजला. शटरं खाली आली, ट्राम थांबली. सूर्य मावळला की शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो. यांचा दिवस संध्याकाळीच उजाडतो.

मी अलिबागची. आमच्याकडे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजाला 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. शेजारच्या बेने इस्रायली आजी त्या दिवशी गॅससुद्धा पेटवत नसत. त्यांच्या चौकटीवर ठोकलेली छोटी नळी मला फार आवडायची. आत काय आहे विचारलं की म्हणायच्या, "आमचा मंत्र गं."

याफा दरवाजातून चालत पश्चिम भिंतीपाशी गेले. बायकांची बाजू वेगळी. प्रत्येक दगडाच्या कडेने कोरलेली सपाट पट्टी, फटींतून लोंबणारी हिरवी झुडपं. ही ज्यूंच्या प्राचीन मंदिराची भिंत नव्हे. हेरोद राजाने मंदिराचा चौथरा वाढवला, त्याला आधार म्हणून बांधलेली. मंदिर रोमनांनी इ.स. 70 मध्ये पाडलं.

त्याआधी, इ.स.पू. 63 मध्ये, रोमन सेनापती पॉम्पे थेट गाभाऱ्यात शिरला होता. आत मूर्तीच नव्हती! मूर्तीपुढे हात जोडत वाढलेल्या मला हे विलक्षण वाटतं. ज्यूंचा मूळपुरुष अब्राहामाने एका देवाशी करार केला, सीनाय पर्वतावर त्यांचा संदेष्टा मोशेला देवाच्या आज्ञा मिळाल्या, असं परंपरा सांगते. आणि त्या देवाची प्रतिमा घडवायची नाही, असं तिथेच बजावलं गेलं. मंदिर गेलं, देश गेला, तरी धर्म तगला. मला वाटतं, तो दगडात नव्हता म्हणूनच. तो तोरा हा धर्मग्रंथ वाचण्यात, शब्बाथ पाळण्यात, रोजच्या ताटात होता.

अंधार पडला. माझ्या बाजूला उभ्या बाईंनी उजव्या हाताने डोळे झाकले. "शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद." ऐक, इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच. कोकणात हिब्रू विसरलेल्यांनी शतकानुशतकं हीच ओळ धरून ठेवली होती, असं सांगतात. आजींच्या नळीतही हीच होती. त्याही असेच डोळे झाकायच्या.

परतताना बायका भिंतीकडे पाठ न करता मागे मागे सरत होत्या. मीही तशीच सरत आले.