आमची वाटचाल : फोटो स्टुडिओ ते फोटोंचे खेळ

साताऱ्यात आमच्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता, पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो असं सगळं चालायचं, आणि त्याच्याच वरच्या खोलीत २०१७ साली मी, माझी बायको आणि कॉलेजचा एक मित्र अशा तिघांनी मिळून फोटोंचे ऑनलाइन खेळ बनवायला सुरुवात केली. खेळ साधेच, फोटोचे तुकडे जोडा, दोन फोटोंतले फरक शोधा, ही वस्तू कुठली ओळखा, हा किल्ला कुठला ते सांगा. यावर घर चालतं का असं नातेवाईक अजून विचारतात, तर हो, चालतं. कसं ते आज जरा निवांत लिहितोय.

२०१७च का, तर २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि बघता बघता आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशींपासून रिटायर्ड गुरुजींपर्यंत सगळ्यांच्या हातात नेट आलं. सकाळ झाली की व्हॉट्सॲपवर फुलांचे, सूर्योदयाचे, देवांचे फोटो यायला सुरुवात, लोकांना फोटो आवडतायत हे दिसतच होतं पण एक फोटो दोन सेकंद बघितला की पुढं ढकलला, संपलं. आमचं म्हणणं असं की त्याच फोटोत माणूस पाच-दहा मिनिटं रमला पाहिजे, त्याच्या कोपऱ्यात काय आहे हे त्याला दिसलं पाहिजे, आणि बाबांच्या स्टुडिओत वाढल्यामुळं मला हे पक्कं माहीत होतं की फोटोत बघण्यासारखं कायम कोपऱ्यातच असतं.

तेव्हा ब्राउझरमधले बरेचसे खेळ फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर होते, पण त्याच वर्षी अडोबीनं जाहीर केलं की २०२०च्या शेवटी फ्लॅश बंद होणार, त्यामुळं आम्ही पहिल्यापासून एचटीएमएल-५ वर, म्हणजे ब्राउझरमध्ये वेगळं काही न टाकता चालणाऱ्या तंत्रावर काम केलं. मित्र कोड लिहायचा, बायको डिझाइन बघायची आणि माझ्याकडं फोटो निवडायचं काम. हे फोटो निवडणं म्हणजे आमच्या धंद्याचा जीव आहे असं मी कुणालाही सांगतो.

उदाहरण देतो. कासच्या पठाराचा ऑगस्ट-सप्टेंबरमधला फोटो, सगळीकडं फुलंच फुलं, वर मोकळं आकाश. दिसायला एकदम भारी, पण त्याचे ६० तुकडे केले की निम्मे जांभळे आणि निम्मे निळे, एकसारखे, लोक वैतागून सोडून देतात. त्याउलट जुन्या मंडईचा फोटो घ्या, एका तुकड्यात तराजूचं पारडं, दुसऱ्यात मिरच्यांचा ढीग, तिसऱ्यात कुणाच्या तरी टोपीची कड, तुकडा हातात आला की डोकं लगेच चालायला लागतं. म्हणून आमचा नियम असा की एकटा तुकडा बघून तो कुठला असेल याचा अंदाज तरी बांधता आला पाहिजे. लग्नाच्या पंगतीचे फोटो यासाठी सगळ्यात भारी, पत्रावळी, द्रोण, वाढप्याच्या हातातली बादली, मधूनच बघणारं एखादं पोर. बाबांच्या कपाटात अशा निगेटिव्हची खोकीच्या खोकी होती, त्या त्या घरच्यांना विचारून त्यातले कितीतरी आम्ही स्कॅन करून वापरलेत.

तुकडे जोडायचा खेळ मुळात नकाशातून आलाय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्यानं लाकडावर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून तो कापला, मुलांना भूगोल शिकवायला. हे वाचल्यावर आम्ही महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचा नकाशा केला आणि तो आजही आमचा सगळ्यात जास्त खेळला जाणारा खेळ आहे, शाळांत तर फारच. करताना मात्र घाम फुटला. मुंबई शहर जिल्हा मोबाइलवर एवढासा दिसतो की बोटाखाली गायबच होतो, त्यामुळं बोट ठेवलं की तो तुकडा बोटाच्या वर उचलून मोठा दिसेल असं करावं लागलं. छत्रपती संभाजीनगर हे नाव तुकड्यावर बसवायला अक्षरं किती बारीक करायची यावर आमच्यात दोन दिवस चर्चा. मुलांची गंमत अशी की कोकण पटापट लावतात, समुद्राची कड असते ना, पण हिंगोली आणि वाशिम आले की थांबतात. १९९८ला अकोल्यातून वाशिम झाला आणि १९९९ला परभणीतून हिंगोली, तर मोठी माणसंसुद्धा तिथं अडतात कारण त्यांच्या शाळेच्या नकाशात ते नव्हतेच, पालघरचं तर त्याहून अलीकडचं, २०१४चं.

सरकत्या चौकोनांचा खेळ आठवत असेल, प्लास्टिकचा छोटा मिळायचा जत्रेत, पंधरा चौकोन आणि एक जागा रिकामी. तो आम्ही फोटोवर केला. यात एक गणिती भानगड आहे, चौकोन कसेही विस्कटून ठेवले तर बरोबर निम्म्या मांडण्या अशा असतात की जन्मभर सरकवत बसलात तरी चित्र जुळणार नाही, हे १८७९ मध्येच गणितात सिद्ध झालंय. त्यामुळं आमचा प्रोग्रॅम आधी पूर्ण चित्र घेतो आणि खेळाच्या नियमानंच एकेक चौकोन सरकवत ते विस्कटतो, म्हणजे परत जुळणार याची खात्री. खेळणाऱ्याला यातलं काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही, पण त्यानं अर्धा तास घातला तर त्याला चित्र मिळालंच पाहिजे, हे आमच्या दृष्टीनं इमानाचं काम आहे.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये स्टुडिओ बंद, लग्नं बंद, आणि वरच्या मजल्यावर मात्र उसंत नाही अशी अवस्था. तेव्हा बायकोच्या डोक्यातून ‘ओळखा पाहू’ निघाला. घरातल्या जुन्या वस्तूंचे एकदम जवळून काढलेले फोटो. पुरणयंत्राची जाळी, सोऱ्याची चकती, विळीची खोबरं खवायची बाजू, जात्याचा खुंटा, पाट्यावर टाकीनं मारलेले टाके, स्टोव्हचा बर्नर. पहिल्यांदा इतकंच दिसतं, मग दर दहा सेकंदांनी फोटो थोडा मागं जातो. पोरांना वाटायचं हा ग्रहाचा फोटो आहे आणि आजी एका क्षणात सांगायची, अरे पुरणयंत्र ते! हे आम्हाला लोकांनीच लिहून कळवलं, पुण्यातून, नागपुरातून, न्यू जर्सीतून, की आजी व्हिडिओ कॉलवर इकडं आणि नातू तिकडं आणि आजी जिंकतीये. मोबाइलवरच्या खेळात आजी नातवाला हरवतीये याच्यापेक्षा जास्त आनंद मला या कामात कशानं झाला असेल असं वाटत नाही.

किल्ल्यांचा खेळ मात्र माझा लाडका. यात चार पर्याय देतो आणि ते जवळजवळचे देतो. राजगडाचा फोटो दाखवून पर्यायात जंजिरा दिला तर त्यात काय मजा, तोरणा द्या, पुरंदर द्या, रायगड द्या, मग बघा. सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे खडकाला पडलेलं आरपार भोक, दाखवलं की ट्रेकवाले झटक्यात सांगतात, पण बालेकिल्ल्याचा दरवाजा दाखवला की वाद सुरू. लोहगडाचा विंचूकाटा, म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी लांब सोंड, वरून काढलेला सगळे ओळखतात, म्हणून आम्ही खालून काढलेला टाकतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले तेव्हा त्या आठवड्यात एवढी माणसं खेळायला आली की मित्रानं रात्री जागून सर्व्हर सांभाळला. त्या बारांत एक तमिळनाडूतला जिंजी आहे, तो आला की अजून निम्मे लोक चुकतात, आणि चुकल्यावर खाली आम्ही राजाराम महाराज तिथं राहिले होते, झुल्फिकारखानाचा वेढा किती वर्षं चालला, हे चार ओळीत देतो ते लोक वाचतात. वाचतात म्हणून सांगतो.

एआयनं बनवलेले किल्ल्यांचे फोटो आम्ही घेत नाही, एकही नाही. दिसायला झकास असतात पण बुरूज भलतीकडं, तटबंदी कुठल्या तरी परदेशी गढीची, आणि ओळखायच्या खेळात खोटी जागा दाखवणं हे मला बिलकुल पटत नाही. फोटो आम्ही स्वतः काढतो, नाहीतर जिल्ह्यातल्या फोटोग्राफर मंडळींकडून पैसे देऊन घेतो, काही विकिमीडिया कॉमन्स या मोफत फोटोंच्या ऑनलाइन संग्रहातले, फोटोखाली नाव आणि लायसन्स लिहून. राजा रविवर्मांची चित्रंही आहेत, त्यांचं निधन १९०६चं त्यामुळं हक्काचा प्रश्न येत नाही, आणि त्यांचा छापखाना मुंबईत सुरू होऊन पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला आला होता, त्या छापांची सरस्वती-लक्ष्मी आपल्याकडं घराघरात होती, लोक ती जोडताना आमच्या देवघरात हीच होती असं लिहितात.

पैशाचं म्हणाल तर जाहिरातींतून सर्व्हरचा खर्च आणि वर थोडं सुटतं. खरं उत्पन्न लोकांच्या स्वतःच्या फोटोंवर करून दिलेल्या खेळांचं. साठीचा कार्यक्रम, डोहाळजेवण, शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर, आणि लग्नाची पत्रिका, जी तुकडे जोडल्यावरच तारीख दाखवते. यात लोक घरचे फोटो आमच्याकडं देतात, ही जोखमीची गोष्ट. मोबाइलच्या फोटोत तो कुठं काढला ते ठिकाणसुद्धा दडलेलं असतं, ते आम्ही फोटो आला की आधी पुसतो, मग तो दोन-तीनशे केबीपर्यंत बारीक करतो म्हणजे खेड्यातल्या नेटवरही उघडेल, आणि कार्यक्रम झाला की मूळ फोटो काढून टाकतो. लहान मुलांचे चेहरे आई-वडिलांनी लेखी हो म्हटल्याशिवाय नाहीत.

मधे एका गुंतवणूकदारांनी सांगितलं होतं की फोटो ओळखण्यावर एंट्री फी लावा, जिंकेल त्याला कॅश द्या, मग बघा कसं पळतं. आम्ही तिघांनीही नको म्हटलं, कारण आजी आणि नातू खेळतायत तिथं पैसे लावायची गोष्टच नको. पुढं २०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राचा बंदीचा कायदाच आला.

सध्या काम चाललंय ते पिंगुळीच्या चित्रकथीवर. कुडाळजवळचं हे गाव, ठाकर समाजाची कला, तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री मिळाली. पोथी म्हणजे सुट्ट्या चित्रांचा गठ्ठा, एकेक चित्र समोर धरून गोष्ट गायची. आमच्या खेळात ती चित्रं उलटसुलट येतील आणि गाणं ऐकत ऐकत ती क्रमानं लावायची. कलाकारांशी मानधनाचा करार झालाय, दर खेळामागं त्यांचा वाटा ठरलाय, पहिल्या पोथीचं स्कॅनिंग चालू आहे आणि गाण्याचं रेकॉर्डिंग पाऊस ओसरला की तिथंच जाऊन करायचं आहे, कारण पत्र्यावरच्या पावसात आवाज नीट येत नाही.