फेब्रुवारीअखेरचं पुणे: व्याख्यान, आयुका आणि खोडदची दुर्बीण

२७ फेब्रुवारी, २८ फेब्रुवारी आणि १ मार्च एवढे दिवस सलग मोकळे करता आले, तर आठवी-नववीतल्या मुलांना घेऊन पुण्याला जा. पहिला दिवस मराठी भाषा गौरव दिनाचा, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाचा. दुसरा राष्ट्रीय विज्ञान दिनाचा. त्या दिवशी पुण्यातल्या ज्या संस्थांच्या फाटकावरून आपण एरवी नुसते पुढे जातो, तिथे सर्वांना प्रवेश असतो. तिसऱ्या दिवशी नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) बघायला जाता येतं. आम्ही सांगलीहून यंदा हे तिन्ही जोडून केलं. मी, मुलगी आणि भाचा. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते आहे. दहावीच्या मुलांची परीक्षा नेमकी याच सुमारास येते, तेव्हा त्याआधीचीच वर्षं हाती धरावीत.

आमच्या बाजूच्या एसटी गाड्या स्वारगेटला उतरवतात आणि तिथेच आता भुयारी मेट्रो आहे. मुक्काम शक्यतो शिवाजीनगर किंवा डेक्कनच्या बाजूला करा, कारण पुढच्या दोन्ही दिवसांची कामं त्याच अंगाला आहेत. पहिल्या दिवशी दुपार मोकळी होती, म्हणून सामान टाकून परत मेट्रोने मंडईला आलो आणि चालत राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, स्वयंपाकघरातली भांडी असं घरगुती वापरातलं इतकं सामान एका माणसाने जमवलं हे पाहून मुलं थक्क झाली. अकाली गेलेल्या मुलाचं नाव दिनकर केळकरांनी या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. दोन तास पुरतात. तिथला मस्तानी महाल चुकवू नका.

संध्याकाळी सदाशिव पेठेत मोडी लिपीवरचं व्याख्यान ऐकलं. २७ तारखेला शहरात एकाच वेळी इतके कार्यक्रम असतात की निवड आदल्या दिवशीच करून ठेवावी. पुण्यातल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर त्या-त्या दिवशीच्या कार्यक्रमांचा रकाना येतो, तो अजूनही सर्वांत भरवशाचा. प्रवेश बहुधा विनामूल्य असतो आणि कार्यक्रम दिलेल्या वेळेलाच सुरू होतो. पुढच्या दोन रांगा निमंत्रितांच्या असतात, त्या सोडून मधली जागा धरा. वक्त्यांनी पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तराबद्दल सांगितलं. कापडात बांधलेल्या हजारो गठ्ठ्यांमध्ये, म्हणजे रुमालांमध्ये, कोट्यवधी कागद आहेत, त्यांतले बहुतेक मोडीत, आणि ते वाचू शकणारी माणसं फार थोडी. व्याख्यान संपल्यावर भाच्याने उठून विचारलं, ‘मला शिकायची असेल तर किती दिवस लागतील?’ सभागृहात माना वळल्या. वक्ते म्हणाले, ‘अक्षरं महिन्याभरात येतील. हातवळण ओळखायला मात्र वर्षं जातील, पण तू लवकर सुरू करतोयस.’ ज्यांना यात रस आहे त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची चौकशी जरूर करावी. १९१० साली इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ही संस्था सदाशिव पेठेतच आहे आणि तिथल्या पाक्षिक सभांची परंपरा जुनी आहे.

आता मुख्य दिवस. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून १९८७पासून हा दिवस विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. आयुका, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतरविद्यापीठीय केंद्र, पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. मेट्रोने शिवाजीनगरला उतरून पुढे रिक्षा केली. विद्यापीठ चौकात वाहनांची दाटी कायमची, म्हणून स्वतःची गाडी नेऊ नका. जाताना मुलांना गणेशखिंड रस्ता दाखवा. विद्यापीठाची मुख्य इमारत हा पूर्वीचा गव्हर्नरचा बंगला. तिथला समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी २२ जून १८९७च्या रात्री याच रस्त्यावर गोळ्या झाडल्या. पुस्तकातला धडा रस्त्यावर उभं राहून वाचला की लक्षात राहतो.

आयुकाला दार उघडायच्या वेळेलाच पोचा. अकरानंतर शाळांच्या बस येऊ लागतात आणि मग प्रत्येक टेबलाभोवती चार-चार ओळी होतात. वास्तू चार्ल्स कोरिया यांची आहे. मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. मुलं आधी तिकडे धावतात, फोटो काढतात, काढू द्या. पण नंतर त्यांना फूकोच्या लंबकापाशी न्या आणि तिथे घाई करू नका.

लंबक एका सरळ रेषेत झुलतो आणि ती रेषा तासातासाने थोडी फिरलेली दिसते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे डोळ्यांनी दिसणारं हे साधन. माझी मुलगी बराच वेळ बघत उभी होती. मग तिथल्या संशोधक विद्यार्थ्याला म्हणाली, ‘दादा, पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते ना? मग हा इतका हळू का?’ त्याने उत्तर सांगितलं नाही. खडूने जमिनीवर गोल काढला, उत्तर ध्रुवावर लंबक टांगला तर काय होईल ते तिला विचारलं, मग विषुववृत्तावर काय होईल ते विचारलं. ध्रुवावर एका दिवसात पूर्ण फेरी, विषुववृत्तावर रेषा हलणारच नाही, हे तिचं तिनेच काढलं. मग तो म्हणाला, ‘आपण साडेअठरा अक्षांशावर आहोत. आता तूच अंदाज कर.’ पुण्यात या रेषेला पूर्ण फेरीसाठी सुमारे ७५ तास लागतात, म्हणजे तासाला पाच अंशांहून थोडं कमी. आम्ही खूण लक्षात ठेवून जेवायला गेलो आणि दुपारी परत येऊन बघितलं. रेषा सरकली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की या दिवशी यंत्रं आणि तक्ते पाहायचेच, पण खरा लाभ त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या माणसांचा आहे. एरवी ज्यांची वेळ मिळणार नाही अशी शिकलेली माणसं दिवसभर मुलांसाठी उभी असतात, आणि तीही मराठीत बोलायला तयार असतात. आमच्या मुलांना विज्ञानाचे शब्द इंग्रजीत येतात, शंका मात्र मराठीत सुचते. ती मराठीतच विचारू द्या. आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की एका पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून धाडतो. तीच रीत आम्ही वापरली. निघायच्या आदल्या आठवड्यात दोघांना वहीत प्रत्येकी पाच प्रश्न लिहायला लावले होते. ज्यांच्या हातात वही होती त्यांच्याशी तिथले लोक जास्त वेळ बोलत होते, हे मी स्वतः पाहिलं. प्रश्न चुकीचा, बाळबोध असला तरी चालतो. आपण पालकांनी मध्ये पडून तो दुरुस्त करू नये.

आवारातच मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती उभी राहिली. टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी करण्याचं अरविंद गुप्ता यांचं काम अनेक वर्षं इथूनच चाललं. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, झाडूच्या काड्या यांतून काय काय होतं ते पाहून लहान भावंडंही रमतात. पाण्याची बाटली, टोपी आणि डबा बरोबर असू द्या, ऊन तोवर चांगलंच तापलेलं असतं.

संध्याकाळी आकाश निरभ्र असलं तर दुर्बिणीतून दाखवतात. थांबायची तयारी ठेवूनच जा. रांग लांब असते, पण त्या वेळात नुसत्या डोळ्यांनी पुष्कळ दिसतं. मृग नक्षत्र डोक्याजवळ आलेलं असतं, त्याच्या पट्ट्याची रेघ खाली वाढवली की व्याध सापडतो, वर वाढवली की रोहिणी आणि पुढे कृत्तिका.

तिसऱ्या दिवशी खोडद. पुण्याहून साधारण ऐंशी किलोमीटर. एसटीचं शिवाजीनगर स्थानक वाकडेवाडीला हलवलेलं आहे, तिथून नाशिकच्या बाजूच्या गाड्या नारायणगावला थांबतात. नारायणगावहून खोडदच्या दुर्बिणीपर्यंत पंधराएक किलोमीटर राहतात. तिथे जीप, रिक्षा मिळतात, मात्र परतीचं आधीच ठरवून ठेवा. चौघं-पाच जण असाल तर पुण्याहूनच गाडी ठरवलेली परवडते. इथलं विज्ञान प्रदर्शन बहुतेक वर्षी २८ फेब्रुवारी आणि १ मार्च असं दोन दिवस असतं. निघण्यापूर्वी जीएमआरटीच्या संकेतस्थळावर तारीख आणि नोंदणीचे नियम बघून घ्या.

रस्त्यावरून पहिली तबकडी दिसते तेव्हा गाडीतलं बोलणं थांबतं. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या आहेत. चौदा मधोमध जवळजवळ, उरलेल्या सोळा तीन दिशांना शेतांमधून पसरलेल्या. सगळ्या मिळून पंचवीस किलोमीटर रुंदीच्या एका दुर्बिणीसारखं काम करतात. जवळ गेल्यावर भाचा म्हणाला, ‘ही तर जाळी आहे, आरपार दिसतंय!’ हाच या दुर्बिणीचे शिल्पकार डॉ. गोविंद स्वरूप यांचा विचार. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी असते. अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी लहर २१ सेंटिमीटरची आणि भोकं एक-दोन सेंटिमीटरची, त्यामुळे लहर परतते आणि वारा मात्र निघून जातो. वाऱ्याचा दाब कमी, म्हणून पोलादही कमी, म्हणून खर्च आवाक्यात. साधनं तुटपुंजी असताना डोकं लढवून जगातली अव्वल दुर्बीण उभी करणं म्हणजे काय, ते इथे तारांच्या जाळीतच दिसतं. मोबाइल बंद ठेवायला सांगतात, तो खरोखरच बंद ठेवा. अतिशय क्षीण लहरी टिपणाऱ्या यंत्राला आपल्या खिशातला फोन म्हणजे मोठा गोंगाट आहे.

प्रदर्शनात जुन्नर-आंबेगावकडच्या शाळांनी केलेले प्रकल्पही असतात. ते गडबडीत मागे टाकू नका. ठिबक सिंचनाचा नमुना मांडून बसलेल्या एका मुलीने आमच्या दोघांना वीस मिनिटं धरून ठेवलं होतं, आणि नंतर गाडीत त्यांचं बोलणं तबकड्यांइतकंच तिच्या नळ्यांबद्दल चाललं होतं.

परतताना नारायणगावला जेवून घ्या. वेळ उरलाच तर शिवनेरी जवळ आहे, पण गड आणि दुर्बीण एकाच दिवसात उरकू नये, दोन्हींवर अन्याय होतो.

फेब्रुवारी जमत नसेल तर आयुकात शैक्षणिक वर्षात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान असतं. वेळ आणि भाषा आधी विचारून घ्या. मोठ्यांना ऐकायचं असेल तर २१ एप्रिल ते २० मे या काळात टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला चालते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली ही माला आहे. सुट्टीत पुण्याला नातेवाइकांकडे जाणं होतंच, तेव्हा त्यातली एक संध्याकाळ तिच्यासाठी राखून ठेवा.