मुलीला निवासी समर कॅम्पला पाठवताना: आधी रात्रीबद्दल विचारा

अमेरिकेतल्या मुलींच्या निवासी समर कॅम्पची माहितीपत्रकं चाळली की सगळीकडे लख्ख ऊन पडलेलं दिसतं. तळ्यातल्या होड्या, नेम धरून उभ्या असलेल्या मुली, गळ्यात गळे घालून काढलेले फोटो. पालकांना कळायला हवं ते मात्र बहुतेक अंधार पडल्यानंतरचं असतं. माझी लेक अकरा वर्षांची असताना मेन राज्यातल्या एका जुन्या, फक्त मुलींच्या कॅम्पला दोन आठवड्यांच्या सत्रासाठी गेली. आमची चौकशी आदल्या ऑक्टोबरातच सुरू झाली होती. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांमधून आता मला त्याबद्दल विचारणा होते, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय. आपल्यापैकी फार थोड्याजणींनी लहानपणी असा कॅम्प पाहिलेला असतो, त्यामुळे काय विचारायचं हेच आधी सुचत नाही.

सासूबाईंचा पहिला प्रश्न फोनवर आला, "अगं, एवढे पैसे भरून पोरीला जंगलात कशाला पाठवायची?" प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर शोधताना मला या कॅम्पांचा इतिहास वाचावा लागला. १९०२ साली न्यू हॅम्पशायरमध्ये लॉरा मॅटून या शिक्षिकेने मुलींसाठी केहॉन्का नावाचा कॅम्प काढला. त्याच वर्षी मेनमध्ये वायोनेगॉनिक सुरू झाला, तो आजही चालू आहे. पुढे सिबेगो तलावाकाठी ल्यूथर आणि शार्लट ग्यूलिक या दांपत्याने वोहेलो उभारला आणि त्यांच्याच पुढाकाराने १९१० मध्ये 'कॅम्प फायर गर्ल्स' ही संघटना निघाली. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० मध्ये. म्हणजे ज्या काळात मुलीने पळणंसुद्धा शोभत नाही असं मानलं जाई, त्या काळात तिथे मुली वल्ही मारत होत्या, लाकडं फोडत होत्या, डोंगर चढत होत्या. हे सांगितल्यावर सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मग पाठव. पण रात्री तिच्याजवळ कोण असेल ते विचार."

आमची सगळी चौकशी मग याच प्रश्नाभोवती फिरली.

केबिनमध्ये मुलींबरोबर कोण झोपतं? त्यांची वयं काय? काउन्सेलर, म्हणजे कॅम्पमध्ये मुलींना सांभाळणाऱ्या, बहुधा कॉलेजातल्या मुली असतात, काही परदेशातून जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर उन्हाळ्यापुरत्या येतात. त्यात वावगं काहीच नाही. पण त्या कधी केबिनमध्ये असतात, त्यांची सुट्टीची संध्याकाळ असली की त्या दिवशी जबाबदारी कोणाची, मोठं माणूस किती अंतरावर झोपतं, हे स्पष्ट विचारावं. अमेरिकन कॅम्प असोसिएशन ही जुनी संस्था कॅम्पना मान्यता देते. तिच्या मानकांप्रमाणे निवासी कॅम्पमध्ये सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक आणि नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक कर्मचारी हवा. ही मान्यता ऐच्छिक असते. राज्याचा परवाना वेगळा, आणि त्याचे नियम राज्याराज्यांत निराळे. म्हणून 'परवाना आहे' आणि 'मान्यता आहे' या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात.

मी संचालिकेला विचारलेला दुसरा प्रश्न असा: कोणत्याही एका मोठ्या माणसाला एकट्या मुलीबरोबर बंद जागी राहता येतं का? चांगल्या कॅम्पकडे याचं उत्तर तयार असतं. कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी कशी तपासतात, त्यांना कोणतं प्रशिक्षण देतात, मुलीने काही सांगितलं तर ते कोणाकडे जातं, हे ते न अडखळता सांगतात. एका कॅम्पच्या फोनवर मला "आमच्याकडे असं काही होत नाही" एवढंच ऐकायला मिळालं. आम्ही ते नाव यादीतून काढलं. आपल्याकडे असे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, समोरच्याचा अपमान होईल असं वाटतं. तो संकोच घरी ठेवून फोन करावा.

पाण्याचं आणि हवामानाचंही तसंच. ४ जुलै २०२५ च्या पहाटे टेक्ससमध्ये ग्वादलूपे नदीला पूर आला आणि नदीकाठच्या मुलींच्या एका जुन्या कॅम्पमधल्या २७ जणी, मुली आणि काउन्सेलर मिळून, दगावल्या. त्या झोपेत असताना पाणी चढलं. त्यानंतर त्याच वर्षी टेक्ससने कायदे करून पूरक्षेत्रातल्या केबिनांना मनाई केली आणि कॅम्पच्या आपत्कालीन योजनेचे नियम कडक केले. मेनमधला कॅम्प तळ्याकाठी असला तरी मी हे प्रश्न वगळले नाहीत. केबिन पूररेषेच्या आत आहेत का? रात्री हवामानाचा इशारा आला तर तो कोण ऐकतं, आणि मोबाइलची रेंज नसेल तर कशावर ऐकतं? मुलींना कुठे आणि कसं नेतात? त्याचा सराव सत्राच्या सुरुवातीलाच होतो का? आमच्या कॅम्पने जमा होण्याची जागा नकाशावर दाखवली आणि सराव पहिल्या दिवशीच होतो असं सांगितलं. ज्या कॅम्पला हे सांगता येत नाही, तिथे पोरीला पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

पोहण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते बहुतेक कॅम्प स्वतःहूनच सांगतात: पहिल्या दिवशी पोहण्याची परीक्षा, पाण्यात जोडीदाराशिवाय उतरायचं नाही, लाइफगार्ड हजर.

आता पैसे. जुन्या धाटणीच्या कॅम्पमध्ये पूर्ण उन्हाळ्याचं, म्हणजे सुमारे सात आठवड्यांचं, शुल्क दहा हजार डॉलरच्या सहज पुढे जातं. छोटी सत्रं त्या मानाने आवाक्यात येतात, आणि पहिल्या खेपेला तीच बरी. गणवेश, बिछाना, कॅम्पच्या दुकानातलं खातं, जाण्यायेण्याची बस हे सगळं शुल्कात धरलंय का ते विचारून घ्यावं. मधेच परत आणलं तर पैसे मिळतात का, हेही. एक गोष्ट इथे मुद्दाम सांगते: दिवसाच्या कॅम्पचा खर्च डिपेंडंट केअरच्या, म्हणजे आईवडील कामावर असताना मूल सांभाळण्याच्या खर्चावरच्या, करसवलतीत बसू शकतो, निवासी कॅम्पचा बसत नाही. काही घरं ती सवलत धरून हिशेब करतात आणि एप्रिलमध्ये कर भरताना धक्का बसतो. शुल्कात मदत हवी असेल तर 'कॅम्परशिप' नावाने विचारावं. अनेक कॅम्प ती देतात आणि त्यासाठी अर्ज लवकर मागवतात.

आरोग्याचा फॉर्म सगळ्यात वेळखाऊ. डॉक्टरची तपासणी ठरावीक काळातली लागते, लसींचा दाखला लागतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांच्या वेळा मिळत नाहीत. औषधं मूळ डबीत, लेबलासकट पाठवायची आणि नर्सकडे द्यायची. अगदी साधी क्रोसिनसारखी गोळी किंवा आजीने दिलेलं चूर्ण बॅगेत लपवून चालत नाही. अंथरूण ओलं होणं, झोपेत चालणं, अंधाराची भीती, यातलं काही असेल तर फॉर्मवर लिहावंच. लपवल्याने मुलीचीच कुचंबणा होते. कळवलेलं असेल तर काउन्सेलर कोणाला न कळू देता सांभाळून घेतात.

पाळीचं बोलणं आम्ही घरी नीट बसून केलं. लेकीची अजून सुरू झाली नव्हती, पण कॅम्पमध्ये झाली तर काय, हे तिला माहीत असायला हवं होतं. छोट्या पिशवीत पॅड, जास्तीच्या चड्ड्या, कोणाला सांगायचं, पोहायचं नसेल तर काय म्हणायचं, सगळं बोललो. संचालिकेनेही सांगितलं की दर उन्हाळ्यात कोणा ना कोणाची पहिली पाळी कॅम्पवरच येते आणि नर्सला त्याची सवय आहे. फक्त मुलींच्या कॅम्पचा मला सगळ्यात मोठा दिलासा इथे वाटला.

खाण्याचं विचारताना 'शाकाहारी' एवढाच शब्द पुरत नाही. अंडं चालतं का, सूप कशात शिजतं, हे वेगळं बोलावं लागतं. शेकोटीवर भाजतात त्या मार्शमेलोमध्ये जिलेटिन असतं, हे आमच्या लक्षात आलं तेव्हा आम्ही शाकाहारी मार्शमेलोचं पाकीट स्वयंपाकघराकडे आगाऊ पोचवलं. केबिनमध्ये खाऊ ठेवता येत नाही. प्राणी येतात आणि कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते. त्यामुळे चिवड्या-लाडवांचे डबे घरीच राहू द्यावेत.

जुन्या कॅम्पांच्या परंपरा हा वेगळाच विषय. मुलीला पहिल्या वर्षी एका संघात घेतात आणि ती कायम त्याच संघाची राहते. जेवणाआधी प्रार्थना, रविवारी पांढरे कपडे, शेवटच्या रात्री शेकोटीभोवती गाणी. काही ठिकाणी रविवारची सभा ख्रिस्ती वळणाची असते. ती सगळ्यांना सक्तीची आहे का, तिथे काय वाचतात, हे विचारण्यात गैर नाही. कित्येक कॅम्पांनी पूर्वी मूळ अमेरिकी जमातींची नावं आणि पेहराव उसने घेतले होते. आता बरेचजण ते सोडताहेत, पण कोणी कुठवर आलंय ते विचारल्याशिवाय कळत नाही. केबिनमध्ये आपली मुलगी एकटीच भारतीय असेल का, हेही मी विचारलं. तिचं नाव नीट उच्चारायला काउन्सेलरना आधी शिकवा, अशी विनंती फॉर्मवर लिहिली. त्यांनी ते मनावर घेतलं.

मुलीची तयारी ही बॅगेच्या तयारीपेक्षा मोठी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या नियतकालिकात २००७ मध्ये घरच्या ओढीबद्दल एक अहवाल आला होता. त्यातल्या दोन गोष्टी आम्ही काटेकोर पाळल्या. एक, आधी घराबाहेर रात्री काढण्याचा सराव. ती मैत्रिणीकडे, मग मावशीकडे राहिली, तेही फोनशिवाय. दुसरी, "करमलं नाही तर लगेच न्यायला येऊ" असं वचन द्यायचं नाही. ऐकायला हे निष्ठुर वाटतं. पण तसं वचन दिलं की मूल पहिल्याच वाईट रात्री तेच धरून बसतं, आणि आईबाबांचाही आपल्यावर विश्वास नाही असा अर्थ घेतं. आम्ही तिला सांगितलं की आठवण येईल, पोटात तुटेल, बहुतेक झोपताना आणि दुपारच्या विश्रांतीत येईल, आणि तेव्हा काय करायचं: पत्र लिही, काउन्सेलरला सांग, पुस्तक काढ. त्याचबरोबर हेही सांगितलं की कोणी नकोसा स्पर्श केला, धमकावलं, गुपित ठेवायला लावलं, तर ते घरच्या आठवणीसारखं सोसायचं नाही. तेव्हा थेट संचालिकेकडे जायचं आणि "मला आईला फोन करायचाय" म्हणायचं. तसं म्हटलं तर फोन लावून देणार का, हे मी संचालिकेकडून आधी कबूल करून घेतलं होतं.

केस हा आमच्या घरातला खास भाग. तिचे केस कमरेपर्यंत, वेणी मी घालायची. कॅम्पच्या आधी तिने स्वतः वेणी घालायला शिकून घेतलं, कारण सकाळच्या घंटेनंतर कोणी थांबत नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात उवा आहेत का ते बघतात. आपल्या मुलीने घाबरू नये म्हणून आधी सांगून ठेवावं. न्यू इंग्लंडमध्ये गोचिडी आणि त्यांच्यामुळे होणारा लाइम रोग असतो. गोचीड चोवीस तासांच्या आत काढली तर धोका फार कमी होतो, म्हणून रोज आंघोळीला कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, केसांच्या मुळाशी बघायची सवय घरीच लावली.

मग फोन नसलेले दिवस. कॅम्पकडून रोज फोटो येत, आणि मी सांगेन, त्यातल्या चेहऱ्यावरून काही वाचू नका. फोटो काढताना डोळ्यांवर ऊन असतं. पत्राला तीन-चार दिवस लागतात. तिचं पहिलं पत्र रडवेलं होतं: "आई, रात्री खूप आवाज येतात आणि मला झोप लागत नाही." मी कॅम्पला फोन केला. काउन्सेलरने सांगितलं की पहिल्या दोन रात्री ती जागी होती, बाहेर ओरडणारा पक्षी लून आहे हे तिला दाखवल्यावर झोपली, आणि आता स्वतःच इतरांना त्याचा आवाज काढून दाखवते. आम्ही पत्रात घरच्या मौजांचं वर्णन टाळलं आणि "तुझ्याशिवाय घर सुनं" हेही टाळलं. तिच्या दिवसाबद्दल प्रश्न विचारले. सासूबाईंचं पत्र भारतातून वेळेत पोचणार नव्हतं. त्यांनी फोनवर सांगितलं, मी देवनागरीत उतरवून पाठवलं. मराठी शाळेत ती देवनागरी शिकली होती, म्हणून तिने ते पत्र तिथे केबिनमधल्या मुलींना वाचून दाखवलं.

ती घरी आल्यावर पहिले दोन दिवस मी फारसं विचारलं नाही. कपडे थेट धुवायला, डोकं आणि अंग पुन्हा एकदा तपासून, आणि भरपूर झोप. मग हळूहळू विचारलं, आणि "मजा आली का" असं नाही विचारलं. रात्री दिवा कोण घालवायचं? बाहेर संडासला जाताना बरोबर कोण यायचं? कोणाची भीती वाटली का? कोणाबरोबर पुन्हा राहायला आवडणार नाही? उत्तरं सविस्तर आली. त्यातली एक गोष्ट, रात्री एका केबिनमध्ये काउन्सेलर उशिरा यायच्या, ही मी संचालिकेला लिहून कळवली आणि त्यांचं लेखी उत्तर आलं.

पुढच्या वर्षीची नोंदणी शरदातच उघडते आणि जुन्या मुलींना आधी जागा मिळते. लेकीला साडेतीन आठवड्यांचं सत्र हवंय. संचालिका बदलणार आहेत असं पत्र आलंय, तेव्हा अर्जावर सही करण्याआधी नव्या बाईंशी बोलायची वेळ मी मागून घेतली आहे. प्रश्नांची वही तीच आहे, पहिल्या पानावर सासूबाईंचा प्रश्न.