मारवेल: गाठीवरच्या केसांवर थांबू नका

बी गोळा करण्याआधी मी मारवेलचा प्रत्येक ठोंब तपासतो. चरून उघडा पडलेला माळ पुन्हा गवताखाली आणायचा, तर पेरतोय ते बी नक्की कशाचं हे कळायलाच हवं. मारवेल म्हणजे डायकँथियम ॲन्युलेटम हे गवत; आणि हुबेहूब तसंच दिसणारं दुसरं गवत, बोथ्रिओक्लोआ पर्टुसा, कधी कधी हातभर अंतरावरच उभं असतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात, तुरा पूर्ण बाहेर आला की जावं. आधी बूड बघतो. मारवेल बहुवर्षायू, त्यामुळे ठोंब सहजी उपटत नाही; माती बाजूला केली की मागच्या सालची वाळकी पानं चिकटलेलं गाठाळ बूड दिसतं. वर्षायू गवत ओढताच मुळांसकट हातात येतं.

मग कांड्याची गाठ. तिच्यावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, ॲन्युलेटम (लॅटिनमध्ये ‘कडं असलेलं’) हे नाव त्यावरूनच. जुन्या गाठींवरचे केस झडतात, म्हणून वरची ताजी गाठ बघावी. पण बहुतेकांची चूक इथंच होते, कारण पर्टुसाच्या गाठींवरही असे केस असू शकतात. तुराही फसवा: दोन्हींत एकाच टोकाशी बोटांसारख्या फांद्या.

निकाल लागतो तो दहापट भिंगाखाली. फांदीवर कणिशकं, म्हणजे फुलं धरणारे तुऱ्याचे बारके दाणे, जोडीनं बसतात: एक बिनदेठाचं, कुसळवालं, दुसरं देठाचं, बिनकुसळाचं. एक जोडी नखानं सोडवायची, केस सुईनं बाजूला सारायचे आणि तो देठ उजेडासमोर धरायचा. मधोमध काचेसारखी आरपार पन्हळ दिसली तर ते बोथ्रिओक्लोआ. मारवेलचा देठ भरीव असतो. पर्टुसाच्या खालच्या तुषावर, म्हणजे कणिशकाच्या बाहेरच्या टरफलावर, टाचणी टोचल्यासारखा खळगाही असतो, पण प्रत्येक कणिशकावर तो सापडेलच असं नाही. म्हणून मी भरवसा देठावरच ठेवतो.

आणखी एक पडताळा: मारवेलच्या फांदीच्या तळाशी काही जोड्या मुळातच बिनकुसळाच्या असतात. कुसळं गळायला लागली की मात्र ही खूण कामाची राहत नाही, तेव्हा तुरा ताजा असतानाच ती बघून घ्यावी.

शेळ्यांनी तुरा खाल्लेल्या ठोंबाला नुसत्या पानांवरून नाव देऊ नये. शेजारी काडी रोवतो आणि पंधरा दिवसांनी नवा तुरा आलाय का ते बघतो. नसेल आला, तर त्या ठोंबाचं बी त्या साली घेत नाही.