तेपोत्झोत्लान: पाच वर्षांचं वैभव

मेक्सिको सिटीच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवरच्या या गावात शिरलं की आधी चर्चचा दर्शनी भाग अंगावर येतो. बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. संत, देवदूत, वेली, आणि वर रुंद नि खाली निमुळते, उलटे रोवल्यासारखे खांब. मधल्या कोनाड्यात उभे आहेत आपले फ्रान्सिस झेवियर. 'आपले' म्हणायचं, कारण त्यांचं शव जुन्या गोव्यात आहे. मेक्सिकोच्या भूमीवर त्यांचं पाऊल कधी पडलंच नाही!

जेझुइट, म्हणजे झेवियर यांच्याच कॅथलिक संघाचे पाद्री, १५८० मध्ये इथे आले ते ओतोमी आणि नाहुआत्ल या स्थानिक भाषा शिकायला. लोकांच्या भाषेत बोलल्याशिवाय धर्म पोचत नाही, हा त्यांचा रोकडा हिशोब. वर्षभर आधी, १५७९ मध्ये, गोव्यात उतरलेले जेझुइट फादर स्टीफन्स पुढे मराठीत ओव्या रचू लागले, तेही याच हिशोबाने.

सध्याचं चर्च १६७०मध्ये सुरू होऊन १६८२मध्ये उभं राहिलं. आतल्या वेद्या मात्र १७५०च्या दशकातल्या, चित्रकार मिगेल काब्रेरा आणि कारागीर इहिनियो दे चावेस यांच्या हातच्या. लाकडावर सोन्याचा वर्ख, तोही छतापर्यंत. खरं सांगायचं तर दहा मिनिटांत माझे डोळे थकले. पैसा आला हासिएंदांतून, मोठमोठ्या जमीनदाऱ्यांतून, म्हणजे शेतावर राबणाऱ्यांच्या घामातून. त्यांची नावं इथे कुठे दिसत नाहीत.

दर्शनी भाग १७६२च्या सुमारास पुरा झाला आणि १७६७मध्ये राजा तिसरा कार्लोस याने समस्त जेझुइटांना स्पेनच्या साम्राज्यातून हाकललं. पोपशी निष्ठा, गाठीला संपत्ती, हाताशी शाळा. राजाला हे खुपणारच. पोर्तुगालने गोव्यातल्या जेझुइटांची गठडी १७५९मध्येच वळली होती. इथली इमारत पुढे इतर पाद्र्यांच्या शिक्षणासाठी आणि चुकलेल्यांना सुधारण्यासाठी वापरली गेली. १९६४पासून तिथे स्पॅनिश राजवटीच्या काळाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे.

मला सर्वांत आवडली ती लोरेतोच्या मेरीच्या प्रार्थनाघरामागची छोटी अष्टकोनी खोली. वर एकमेकींना छेदणाऱ्या कमानी, त्या चार देवदूतांनी तोलून धरलेल्या. मुख्य चर्चपेक्षा इथे जास्त वेळ थांबा. प्रार्थना चालू असलेलं चर्च हवं असेल तर शेजारचं सान पेद्रो बघा. सोमवारी संग्रहालय बंद असतं.