नॅरोगेजचं पुस्तक मीच छापलं

नागपूरचं इतवारी ते नागभीड ही अडीच फुटी रुळांवरची, म्हणजे नॅरोगेजची, गाडी २०१९च्या नोव्हेंबरात बंद झाली. मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, करायचा म्हणून. उमरेडच्या शाळेत मी नोकरी केली आणि निवृत्त होईपर्यंत याच गाडीनं अप-डाऊन केलं. शिक्षक, बँकवाले, दूधवाले, भिवापूरची मिरची घेऊन येणाऱ्या बाया, सगळ्यांचे डबे आणि जागा ठरलेल्या. गाडी गेल्यावर त्या माणसांबद्दल लिहायला बसले आणि त्याचं १६० पानांचं पुस्तक झालं. लिहून झाल्यानंतर ते वाचकाच्या हातात पडेपर्यंतची खटपट इथे मांडते आहे, कारण लिहिलेल्या वह्या कपाटात ठेवून बसलेली माणसं आपल्या विदर्भात पुष्कळ आहेत आणि त्यांना आकड्यांसकट कुणी काही सांगत नाही.

आधी रीतसर पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवलं होतं. एकांचं पत्र आलं: लेखन आवडलं, पण विषय फार स्थानिक आहे. मला त्यांचा राग आला नाही. त्यांचा वितरक भिवापूरला जात नाही, नागभीडला तर नाहीच. त्यांच्या हिशेबात माझा वाचक बसत नव्हता. पण मला तो वाचक नावानिशी माहीत होता. कोण कोणत्या स्टेशनवर चढायचं, निवृत्तीनंतर कोण कुठे राहायला गेलं, कुणाचा मुलगा आता उमरेडला दुकान चालवतो, हे मला तोंडपाठ. स्वतः प्रकाशित करायचं ठरलं ते या एका गोष्टीवर, आणि आजही कुणी विचारलं तर पहिला प्रश्न मी हाच विचारते: तुमच्या पुस्तकाचे पहिले शंभर वाचक कोण, त्यांची नावं सांगता येतील का? येत असतील तर पुढचं सगळं जमतं.

ठरवलं, आणि लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या पॅकेजवाल्यांचे फोन सुरू झाले. रक्कम पन्नास हजारांच्या पुढे, लेखकाला वीस प्रती, 'जगभर वितरण' आणि 'आयएसबीएन मोफत'. हे शेवटचं ऐकून मी तेवढ्यापुरती चौकशी केली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्या देशात मुळातच फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो देते, अर्ज ऑनलाइन करायचा, आणि लेखकाला स्वतःच्या नावानं प्रकाशक म्हणून अर्ज करता येतो. ओळखपत्र, पुस्तकाची माहिती, मुखपृष्ठ असं अपलोड करावं लागतं. सरकारी पोर्टल आहे, धीर धरावा लागतो, पण पैसा लागत नाही. पॅकेजवाला जो नंबर देतो तो त्याच्या संस्थेच्या नावावरचा असतो, म्हणजे कागदोपत्री प्रकाशक तो. तुम्ही पैसे भरायचे आणि प्रकाशक मात्र दुसरा, हे मला पटलं नाही. सगळ्याच संस्था तशा असतात असं मी म्हणत नाही. मागणी येईल तशी एक-एक प्रत छापून देणाऱ्या चांगल्या सेवाही आहेत, बंगळूरुची पोथी डॉट कॉम त्यातली एक. ज्याचे वाचक जगभर विखुरलेले आहेत त्याच्यासाठी तो मार्ग बरा. माझे वाचक एकाच रुळाच्या कडेला राहत होते.

कॉपीराइटबद्दलही लोक घाबरवतात. आपण लिहिलं की कॉपीराइट आपोआप आपला, लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं. नोंदणी ऐच्छिक आहे. फोटोंच्या बाबतीत मात्र जपून. जुना फोटो आपल्या अल्बममध्ये आहे म्हणून तो आपला होत नाही, ज्यानं काढला हक्क बहुतेक वेळा त्याचा. नागपुरात मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात जाऊन इंजिनांची माहिती मी पडताळून घेतली, पण फोटो छापले ते ओळखीच्या माणसांनी काढलेले, आणि प्रत्येकाकडून दोन ओळींचं संमतीपत्र सहीनिशी घेतलं. व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो छपाईला चालत नाहीत. मोबाइलवर झकास दिसतात, कागदावर नुसते ठिपके. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, लागतात, म्हणून घरोघर जाऊन मूळ फोटो आणले, स्कॅन केले, परत नेऊन दिले. यात महिने गेले, पण प्रत्येक घरी चहाबरोबर गाडीची एक नवी गोष्ट मिळाली, आणि तिथेच पुस्तकाची मागणीही नोंदली गेली.

आता अक्षरजुळणी. मराठी लेखकाचा सगळ्यात जास्त जीव इथे जातो. मी मोबाइलवर आणि लॅपटॉपवर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, लिहिलं होतं. छापखान्यांत अजूनही श्रीलिपी, आकृती असले जुने फॉन्ट चालतात. त्यांत अक्षर पडद्यावर सुबक दिसतं, पण आत ते देवनागरी नसतंच, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. युनिकोडमधून तिकडे मजकूर नेला की जोडाक्षरं हलतात. नमुन्याच्या पानावर 'दुसऱ्या डब्यात' मधला ऱ्या फुटला होता आणि 'मार्ग' मधला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता. शिवाय दुरुस्त्या त्या फाइलीत झाल्या की अंतिम मजकूर तिथेच अडकतो, ई-बुक करायचं म्हटलं की सगळं पुन्हा टाइप करा. म्हणून मी इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट युनिकोडवर काम करणारा ऑपरेटर शोधला. असे कमी आहेत आणि पानामागे थोडे जास्त घेतात. ते पैसे द्यावेत. दुसरा खर्च न कुरकुरता करावा तो मुद्रितशोधनाचा. आपलं लिखाण आपल्याला वाचताच येत नाही, डोळे पुढे पळतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम ज्यांच्या बोटांवर आहेत अशा माणसाकडून दोनदा प्रुफं तपासून घेतली.

छापखाना नागपूरच्या महाल भागातला, गांधीगेटच्या पुढे गल्लीत. मालक वडलांच्या वेळेपासून लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक छापत आलेले. पान लावून झालं तेव्हा पुस्तक १६४ पानांचं भरत होतं. त्यांनी फाइल न उघडता सांगितलं, "ताई, चार पानं काढा." एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या सोळा पानांचा एक फॉर्म. दहा फॉर्म म्हणजे १६०. १६४ झाली की अकरावा फॉर्म आला आणि त्यातली बारा पानं कोरी. पाव फॉर्म वेगळा काढता येतो, पण बाइंडिंगवाला कटकट करतो. मी ऋणनिर्देश आटोपता केला, दोन प्रकरणांमधली कोरी पानं काढली आणि १६० मध्ये बसवलं. किती प्रती, हा पुढचा प्रश्न. ते म्हणाले, "प्लेटा तर तितक्याच लागतात. तीनशे काढा का पाचशे, फरक कागदाचा अन् बाइंडिंगचा." ऑफसेटचं, म्हणजे प्लेटांवरून होणाऱ्या छपाईचं, गणित असं आहे. शंभर-दीडशे प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते, त्यावर गेलात की ऑफसेट. हजार काढल्या तर प्रत अजून स्वस्त पडली असती, पण गठ्ठे घरात ठेवायचे असतात आणि नागपूरच्या पावसाळ्यात वाळवीचं काय ते सगळ्यांना माहीत आहे. पाचशेवर थांबले.

कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम), नॅचरल शेड म्हणजे किंचित पिवळसर. पान उजेडात धरून मागची अक्षरं किती दिसतात ते बघून निवडला. फोटोंसाठी मध्ये आठ पानं आर्ट पेपर. बाइंडिंग मात्र नुसत्या डिंकाची घेऊ नका असं मी सांगेन. गावच्या वाचनालयात पुस्तक दहा हातांतून जातं, पानं शिवलेली हवीत.

आता पैसे. अक्षरजुळणी, प्रुफं, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बाइंडिंग मिळून ४८,००० रुपये, म्हणजे प्रतीमागे ९६. पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण कागद-छपाईच्या बिलात तो असतो आणि परत मिळत नाही. तो या ९६ मध्ये धरलाच आहे. किंमत ठेवली २२०. वितरकाला चाळीस ते पन्नास टक्के द्यावे लागतात. पंचेचाळीस धरले तर ९९ रुपये गेले, हातात १२१, त्यातून खर्च वजा जाता २५ आणि त्यातच गठ्ठ्याचं भाडं. तेच पुस्तक मी वाचकाला थेट वीस टक्के सवलतीत दिलं तर १७६ मिळतात आणि ८० रुपये सुटतात. हे दोन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. एका वितरकाला पन्नास प्रती दिल्या. वर्ष उलटलं, हिशेब नाही, प्रतीही नाहीत. विकल्या गेल्या का गोदामात पडल्या आहेत, तेही कळत नाही. लहान लेखकाच्या पन्नास प्रतींची किंमत त्यांना वाटत नसेल, पण एकट्यानं छापणाऱ्या माणसाचं ते दहा टक्के भांडवल असतं, आणि या बाबतीत आपल्याकडे काही शिस्त यायलाच हवी.

विक्री खरी झाली ती प्रकाशनपूर्व सवलतीत. अप-डाऊनवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहेच. त्यावर मुखपृष्ठ आणि यूपीआयचा क्यूआर टाकला, दीडशे रुपयांत प्रत. छपाईआधीच शंभराहून जास्त प्रतींचे पैसे जमा झाले आणि कागदाचं बिल त्यातून गेलं. मग उमरेड, भिवापूर, नागभीड. शाळेच्या हॉलमध्ये, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, एकदा तर एसटी स्टँडवर टेबल मांडून. भिवापूरला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गँगमन, म्हणजे रुळांची निगा राखणारे कामगार, आले. पुस्तक हातात घेऊन त्यांनी एकही ओळ वाचली नाही, फोटोंची पानं तेवढी उलटली. "बाई, याच्यात आमचं टेसन हाय का?" होतं. त्यांनी फोटोतल्या लाइनवर बोट ठेवलं, इथून तिथपर्यंत माझी गँग होती म्हणाले, आणि तीन प्रती घेतल्या. असा वाचक पुण्याच्या दुकानाच्या रॅकवरून मला कधी भेटला असता?

लेखकानं स्वतः उभं राहून पुस्तक विकायला लाजण्यासारखं काही नाही, हे मी दीक्षाभूमीवर शिकले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथं पुस्तकांचे स्टॉल लागतात. बाबासाहेबांचे ग्रंथ असतात, आणि शेजारी स्वतः लिहून स्वतः छापलेल्या पुस्तिका घेऊन बसलेले लेखक असतात. खेड्यापाड्यातून आलेली माणसं पिशव्या भरून पुस्तकं नेतात. मराठी माणूस पुस्तक विकत घेत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथं जावं.

टपालाचं मध्ये कठीण झालं होतं. रजिस्टर्ड बुकपोस्ट २०२४च्या डिसेंबरात बंद झालं आणि कुरिअरचा खर्च पुस्तकाच्या नफ्याएवढा व्हायला लागला. २०२५च्या मे महिन्यापासून पुस्तकांसाठी टपाल खात्याचं ज्ञान पोस्ट आलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर. माझं पुस्तक त्यात बसतं. आत मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं, तेवढं बघा.

ई-बुक किंडलवर टाकलं. मजकूर युनिकोडमध्ये होता, त्यामुळे ते काम सोपं गेलं. भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के रॉयल्टी हवी तर अॅमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट योजनेत जावं लागतं, आणि मग ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे ठेवता येत नाही. नाहीतर पस्तीस टक्के. विक्री थोडी आहे, पण अमेरिकेतली, पुण्यातली नागपूरची मुलं तिथून घेतात.

पहिलं पुस्तक असणाऱ्यांनी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठीची अनुदान योजनाही बघून ठेवावी. वेळ लागतो, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. माझे वाचक सत्तरीच्या पुढचे होते, त्यांना थांबवून ठेवणं मला मान्य नव्हतं. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं प्रकाशनापासून तीस दिवसांत चार ग्रंथालयांना स्वखर्चानं प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. पुष्कळ लेखक-प्रकाशक हे टाळतात. मी त्या प्रती हौसेनं पाठवल्या. आमच्या गाडीतली माणसं कोलकात्याच्या ग्रंथालयात नोंदली गेली, याचा मला फार आनंद आहे.

पाचशेतल्या थोड्या प्रती उरल्या आहेत आणि दुसरी आवृत्ती काढते आहे. नुसतं पुनर्मुद्रण असतं तर तोच आयएसबीएन चालला असता, पण वाचकांनी इतकं नवं सांगितलं की दोन प्रकरणं वाढली, म्हणजे नवा नंबर आणि अकरावा फॉर्म. या वेळी तो पूर्ण भरतो. किंमत २५० होईल. नागभीडच्या मंडळींनी लोकोशेडचे फोटो कबूल केले आहेत. मूळ प्रतच द्या, व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, असं त्यांना सांगून ठेवलं आहे.